राजीनामा नको होता, सही हवी होती

पत्र असं आहे:

"ताई, मी विट्याची. बी. कॉम. झाले आहे, सगळं शिक्षण मराठी माध्यमातून. दोन वर्षांपासून सांगलीत एका पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात आहे. आमच्या एका करारावर बँकेच्या शाखाधिकाऱ्यांनी चुकीच्या जागी सही केली होती, ती परत घ्यायची होती. ते साहेब परराज्यातले, म्हणून मी इंग्रजीत मेल केला: ‘यू आर रिक्वेस्टेड टु रिझाइन बाय मंडे.’ मला म्हणायचं होतं, सोमवारपर्यंत पुन्हा सही करा. साहेबांनी वाचलं, सोमवारपर्यंत राजीनामा द्या. त्यांचा फोन थेट आमच्या सचिवांना आला. आता ऑफिसात मला ‘राजीनामा’ म्हणून हाक मारतात. मध्ये एक आडवी रेघ हवी होती म्हणे. ती कुठे द्यायची, कुठे नाही, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. रोज एक इंग्रजी शब्द पाठ करायचा म्हणून भावानं मोबाइलवर डिक्शनरी घालून दिली. पहिलाच शब्द ‘सेट’ उघडला, तर त्याचे अर्थ संपेनात. रडू आलं. एका शब्दाचं हे असं, तर बाकीचं मी कधी शिकणार? क्लासवाले 15 हजार मागतात. क्लास लावू की नोकरीच सोडू?"

तू ताई म्हणून लिहिलंस, म्हणून मीही तुला तू म्हणते.

नोकरी सोडायची नाही. पत्र मी तीनदा वाचलं. सही चुकीच्या जागी आहे हे तुझ्या लक्षात आलं, ज्यांची सही हवी त्यांना तू स्वतःहून कळवलंस, मुदतही घातलीस. काम चोख होतं. चुकली ती एक रेघ, आणि त्या रेघेबद्दल शाळेत किंवा कॉलेजात तुला कुणी कधी अवाक्षर सांगितलेलं नव्हतं.

आता तो शब्दच समोर घेऊ. आर-ई-एस-आय-जी-एन सलग लिहिलं की ‘रिझाइन’, राजीनामा देणे. आर-ई, मग रेघ, मग एस-आय-जी-एन लिहिलं की ‘री-साइन’, पुन्हा सही करणे. अक्षरं तीच, क्रमही तोच. बोलताना गोंधळ होत नाही, कारण एकात ‘झ’ येतो आणि दुसऱ्यात ‘स’. देवनागरीत लिहिले तरी दोन्ही वेगळे दिसतात. रोमन लिपीत उच्चारातला हा फरक अक्षरांत उतरत नाही, तो सगळा त्या रेघेवर सोपवलेला असतो. कॉम्प्युटरनंही तुला सावध केलं नाही, कारण तो चुकीच्या स्पेलिंगखाली लाल रेघ ओढतो आणि तुझं स्पेलिंग तर बरोबर होतं.

तू हिशोबाच्या कामात आहेस म्हणून हेही सांगते. हे दोन्ही शब्द एकाच घरातले. लॅटिनमधल्या ‘सिग्नारे’चा अर्थ खूण करणे, वहीत नोंद घालणे. ‘रेसिग्नारे’ म्हणजे घातलेली नोंद खोडणे. नोंद खोडण्यावरून हक्क सोडणे, त्यावरून पद सोडणे. राजीनाम्याचा इंग्रजी शब्द असा जमाखर्चाच्या वहीतून आलेला आहे. ‘री’चा अर्थ ‘पुन्हा’ असतो हे तू शाळेत शिकलीस आणि त्यावर विसंबलीस. त्यात मूर्खपणा कुठला? या एका शब्दात ते ‘री’ उलट दिशेनं चालतं, एवढंच.

तुझ्या टेबलावर अशा आणखी जोड्या रोज येत असणार. ‘रिकव्हर’ सलग लिहिलं की वसुली, रेघ देऊन ‘री-कव्हर’ केलं की पुन्हा कापड चढवणं. ‘रिलीज’ सलग असेल तर सोडणं, तारण मोकळं करणं. रेघ दिली की ‘री-लीज’, जागा पुन्हा भाडेपट्ट्यानं देणं. पतसंस्थेच्या कागदात या दोन गोष्टींची अदलाबदल झाली तर प्रकरण हाक मारण्यावर थांबत नाही.

मी साताऱ्यात एका छापखान्यात 26 वर्षं मुद्रितं तपासली. सुरुवातीच्या काळात एका संस्थेचा वार्षिक अहवाल इंग्रजीत छापायला आला होता. सभागृहातल्या चाळीस खुर्च्यांना नवं कापड लावलं, असं एक वाक्य त्यात होतं. टाइप केलेल्या कागदावर ओळीच्या शेवटी ‘री-’ आलेलं आणि खालच्या ओळीच्या सुरुवातीला ‘कव्हर्ड’. ओळ संपल्यामुळे शब्द तुटलाय असं समजून अक्षरं जुळवणाऱ्या जुळारीनं तो जोडून घेतला आणि मीही ‘रिकव्हर्ड’ तसंच जाऊ दिलं. अहवाल वाटले गेले. वार्षिक सभेत एका सभासदानं उठून विचारलं, खुर्च्या परत मिळाल्या हे ठीक, पण त्या गेल्या होत्या कधी आणि कोणाकडे? संचालकांना उत्तर देता येईना. त्या दिवसापासून ओळीच्या शेवटी आलेली प्रत्येक रेघ मी बोट ठेवून वाचू लागले.

कारण या रेघेला, म्हणजे हायफनला, दोन कामं असतात. आपल्या व्याकरणात त्याला संयोगचिन्ह म्हणतात आणि शाळेच्या पुस्तकातही त्याचे हेच दोन उपयोग दिलेले असतात: दोन शब्द जोडणं, आणि ओळीत जागा संपली की शब्द अर्ध्यात तोडून ‘उरलेला खाली आहे’ असं सांगणं. दुसरं काम फार जुनं आहे. जर्मन मुद्रक गटेनबर्गनं 1455 च्या सुमारास छापलेल्या 42 ओळींच्या बायबलात ओळींच्या टोकाला अशा रेघा आहेत. ‘हायफन’ हा शब्द त्याहून जुना, ग्रीक. त्याचा अर्थ ‘एकाखाली’, म्हणजे एकत्र. वाचणाऱ्यानं दोन भाग एक धरावेत म्हणून त्यांच्या खालून एक वाकडी रेघ काढत, झोळीसारखी.

आता अडचण बघ. ‘री-साइन’ नेमकं ओळीच्या टोकाला आलं तर ती रेघ जोडणारी की तोडणारी, हे जगातल्या कुठल्याही वाचकाला कळणार नाही. म्हणून, जिथे चुकीच्या अर्थानं नुकसान होईल तिथे मी रेघेवर भरवसा ठेवत नाही, शब्दच बदलते. ‘री-साइन’ऐवजी ‘साइन अगेन’. खुर्च्यांसाठी ‘न्यू कव्हर्स’. यानं इंग्रजी कच्चं दिसत नाही. अनुभवी माणसं असंच लिहितात.

तुझ्या संस्थेच्या पाटीवरही एकदा नजर टाक. आपल्या सांगली-सातारा भागात ‘को-ऑप’ लिहिलेल्या पाट्या पावलापावलावर आहेत: साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्था, सोसायट्या. सी-ओ, रेघ, ओ-पी. रंगाऱ्यानं ती रेघ गाळली की इंग्रजीत तो शब्द ‘कूप’ होतो आणि कूप म्हणजे कोंबड्यांचं खुराडं. सहकारासाठी आयुष्य घालवलेल्या माणसांच्या संस्थेवर तो शब्द दिसला की मला वाईट वाटतं. पूर्ण ‘कोऑपरेटिव्ह’ लिहिताना रेघ असली काय, नसली काय, दोन्ही चालतं. पण ते छोटं रूप रेघेशिवाय लिहू नये.

नावांच्या बाबतीत आणखी एक सांगते. नावात आपली अक्कल चालवायची नाही, मूळ कागदावर आहे तसंच उतरवायचं. महाराष्ट्राचा 1960 चा सहकारी संस्था कायदा इंग्रजीत ‘को-ऑपरेटिव्ह’ असा रेघेसह आहे. केंद्रात 2021 साली सहकार मंत्रालय झालं, त्याच्या ‘कोऑपरेशन’मध्ये रेघ नाही. प्राप्तिकर कायदा ‘इन्कम-टॅक्स’ अशी रेघ देतो, आणि तोच कर गोळा करणारं खातं आपल्या नावात ती देत नाही. यात नियम शोधत बसलीस तर डोकं दुखेल. बघून लिही.

नियम लागतो तो दुसरीकडे, आणि तो तुला येतो. शाळेत समास शिकलीस ना? विग्रह करा, म्हणून प्रश्न यायचा. इंग्रजीतली रेघ म्हणजे बहुतेक वेळा समास झाल्याची खूण. ‘स्मॉल बिझनेस लोन’ हे तीन शब्द घे. पहिल्या दोघांत रेघ दिली तर विग्रह होतो ‘लहान उद्योगासाठीचं कर्ज’, मग ते पन्नास लाखांचंही असेल. रेघ नसेल तर कुणी ‘उद्योगासाठीचं लहान कर्ज’ असंही वाचेल. ठराव लिहिताना या दोहोंतलं कुठलं म्हणायचंय ते आधी मराठीत विग्रह करून बघायचं आणि मग रेघ द्यायची. सभेच्या वृत्तांतात ‘थर्टी-ऑड मेंबर्स’ लिहिलंस तर तीसेक सभासद हजर होते. रेघ गाळलीस तर तीस विचित्र सभासद हजर होते आणि तो वृत्तांत त्यांच्यापैकीच कुणीतरी वाचणार.

नामाच्या आधी दोन शब्द मिळून एकच विशेषण झालं की रेघ येते, तेच शब्द नामानंतर आले की बहुधा जाते. ‘अ वेल-नोन डॉक्टर’मध्ये रेघ, ‘द डॉक्टर इज वेल नोन’मध्ये नाही. चेकवर किंवा पावतीवर रक्कम अक्षरी लिहिताना ट्वेन्टी-वनपासून नाइन्टी-नाइनपर्यंतच्या जोडआकड्यांत रेघ. एवढ्यावर तुझं ऑफिसचं बरंचसं काम भागेल.

आपल्याकडे हे अगदीच नाही असं समजू नकोस. ‘त्याच्याबरोबर’ जोडून लिहिलं की सोबत. ‘त्याच्या बरोबर उत्तराला’ असं तोडलं की अचूक. आपण जागा सोडून किंवा जोडून जे साधतो, त्यातलं काही इंग्रजी रेघेनं साधते. आणि खुद्द इंग्रजांनाही ही रेघ नीट जमत नाही. ऑक्सफर्डच्या दोन खंडी कोशाची 2007 ची आवृत्ती निघाली तेव्हा सुमारे 16,000 शब्दांतली रेघ काढून टाकली होती. ‘आइस-क्रीम’चे दोन सुटे शब्द झाले, ‘बम्बल-बी’चा एक सलग झाला. लोकांना ती रेघ कुठे द्यायची याची खात्रीच उरलेली नाही, असं संपादकांनी तेव्हा सांगितलं होतं.

आता ‘सेट’. तुला रडू आलं ते मी समजू शकते. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या 1989 च्या वीस खंडी आवृत्तीत सगळ्यांत लांब नोंद याच शब्दाची होती, 430 च्या आसपास अर्थ. पुढे ‘रन’नं त्याला मागे टाकलं. 2011 मध्ये कोशकार पीटर गिलिव्हर यांनी ‘रन’ या क्रियापदाचे 645 अर्थ लावून दाखवले आणि त्या एका शब्दावर त्यांचे नऊ महिने गेले. ज्यांचं आयुष्यच शब्दांत गेलं त्यांना नऊ महिने लागले, आणि तू ते एका संध्याकाळी मोबाइलवर करायला बसली होतीस.

पण ‘सेट’ला घाबरू नकोस असं मी म्हणते त्याचं कारण वेगळं आहे. तुझ्याकडे ‘लागणे’ आहे. विट्याच्या स्टँडवर कुणी म्हणालं, "सांगली गाडी लागली," की तू पिशवी उचलतेस. शेजारची बाई म्हणाली, "मला गाडी लागते," की तू तिला खिडकीची जागा देतेस. गाडी तीच, लागणं तेच. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, डोळा लागतो, ऊन लागतं, वेड लागतं, नंबर लागतो, आमटी गोड लागते, कुणी नात्यानं मामा लागतो, पाऊस पडायला लागतो आणि वाटही लागते. यातला एक तरी अर्थ तू पाठ केलायस? तू प्रत्येक वेळी शेजारचा शब्द बघितलास, भूक की ठेच, गाडी की डोळा, आणि अर्थ आपोआप कळला.

‘सेट’ला तसंच वाचायचं. आणि ‘लागणे’चंच भावंड ‘लावणे’, ते तर ‘सेट’च्या इतकं जवळ आहे की मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा फार आनंद झाला होता. गजर लावणे, सापळा लावणे, आग लावणे, विरजण घातलेलं दही लागणे, हे सगळं इंग्रजीत ‘सेट’नं सांगता येतं. आणि शेतात गेलीस तर बघ, ऊस लावायला जे बेणं तोडतात, त्या दोन डोळ्यांच्या टिपरीला इंग्रजीत ‘सेट’च म्हणतात. लिहिताना फक्त टी दोनदा. लावणीचं आणि ‘सेट’चं नातं आपल्या बांधापर्यंत येऊन पोहोचलंय.

‘लावणे’ सगळीकडे पुरत नाही हे खरं. सूर्य मावळतो, तारीख ठरते, अंगठीत खडा बसवतात, पेपर काढतात, हाड बसवतात, इंग्रजी या सगळ्याला एकच शब्द वापरते. म्हणजे अर्थ त्या शब्दात भरून ठेवलेला नाही, तो सूर्य, तारीख, खडा, पेपर, हाड यांच्याकडून येतो.

तुझ्या कामात खरी काळजी घ्यावी लागेल ती दोन जोड्यांत. पहिली ‘सेट ऑफ’. प्रवासवर्णनात हे आलं तर माणसं निघाली. तुझ्या संस्थेत आलं तर ठेव कर्जाला वळती केली. नाम म्हणून आलं की मध्ये रेघ येते, ‘सेट-ऑफ’, वळतं करणं किंवा वजावट. आमच्या छापखान्यात याच शब्दाचा अर्थ आणखी वेगळा होता: ताज्या छापलेल्या कागदांची चळत लागली की ओल्या शाईचा डाग वरच्या कागदाच्या पाठीला उमटतो, त्याला ‘सेट-ऑफ’ म्हणत. मी कित्येक दुपारी कागद उलटून ते डाग बघितले आहेत. तुझ्या खातेवहीतल्या ‘सेट-ऑफ’शी त्याचा काही संबंध नाही. शब्द बदलला नव्हता, टेबल बदललं होतं.

दुसरी जोडी ‘सेट असाइड’, आणि ही फार धोक्याची. ताळेबंदात नफ्यातली रक्कम ‘सेट असाइड’ केली असेल तर ती राखून ठेवली, गंगाजळीत टाकली, ती आहे. कोर्टाचा किंवा सहकार न्यायालयाचा हुकूम ‘सेट असाइड’ झाला असेल तर तो रद्द झाला, तो नाही. तुमच्याकडे दोन्ही प्रकारचे कागद येतात. हुकुमाचं मराठी करताना कुणी ‘बाजूला ठेवला’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल, अजून विचार चालू आहे. तिथे स्वच्छ ‘रद्द केला’ असं लिहायचं. सचिवांनाही हा फरक दाखव, त्यांच्या सहीनं हे कागद जातात.

मग शिकायचं कसं? एक शंभर पानी वही घे. तीत सुटा शब्द लिहायचा नाही. ऑफिसात आलेल्या खऱ्या पत्रातलं, ठरावातलं, बँकेच्या मेलमधलं अख्खं वाक्य लिहायचं, ज्या शब्दानं अडवलं त्याच्याखाली रेघ ओढायची, आणि त्याचा शेजारी कोण आहे त्याला गोल करायचा. खाली त्या वाक्याचं मराठी, तुझ्या बोलीत. डिक्शनरी वरून खाली वाचायची नाही. गोल केलेला शेजारी ज्या उदाहरणात असेल तेवढंच वाचायचं आणि मिटायची. रेघ असलेला शब्द आला तर त्याचा विग्रह लिहायचा. दिवसाला एक वाक्य झालं तरी पुष्कळ.

तुमच्या विटा-खानापूर भागातले गलाईवाले बघ. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर गेले, तमिळ मुलखात गेले, केरळात गेले, आणि तिथल्या भाषा दुकानात बसूनच शिकले. गिऱ्हाईक बोललेलं वाक्य उचलायचं, दुसऱ्या गिऱ्हाइकाला तेच ऐकवायचं. तुझ्याही घरात किंवा भावकीत असं कुणीतरी असेल. सुट्टीत गावी आले की त्यांना विचार, पहिलं वाक्य कुठलं शिकलात.

त्यामुळे 15 हजारांचा क्लास आत्ता लावू नकोस. पुढे बोलायचा सराव हवासा वाटला तर तेव्हा बघता येईल. तुझी आत्ताची अडचण लिहिण्याची आहे आणि तिचं सगळं साहित्य तुझ्या टेबलावर पडलेलं आहे.

त्या शाखाधिकाऱ्यांना आधी दोन ओळींचा मेल टाक. ‘माय अर्लियर मेल शुड हॅव सेड साइन अगेन. आय रिग्रेट द एरर.’ लांबलचक माफी नको. मग कुठल्या पानावर, कुठल्या जागी सही हवी ते लिही. सचिवांना प्रत पाठव, म्हणजे विषय कागदावर मिटेल.

आणि हाक मारणाऱ्यांना, "माझ्या नावानं हाक मारा," एवढंच शांतपणे सांग. कदाचित दोनदा सांगावं लागेल. तिसऱ्यांदाही तेच चाललं तर सचिवांकडे लेखी अर्ज दे, मराठीत, तारीख घालून, आणि पोच घे.